भट्टीचा पाठ : दगडापासून पोलादापर्यंत

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थी मेळाव्यातील प्रसंग आहे. भोजनदानाच्या पंगती उठल्या होत्या आणि जुनी मुले वर्गखोल्या पाहत हिंडत होती. त्यांतील एक जण आमच्याजवळ येऊन उभा राहिला. पूर्ण बाह्यांचा सदरा त्याने कोपरापर्यंत वर केला. डाव्या हातावर मनगटापासून वर जुन्या भाजल्याची गुळगुळीत, ताणलेली कातडी होती. तो एका कारखान्यात भट्टीवर कामाला होता. भट्टीत भंगार टाकताना त्यात पाणी साचलेला एक बंद नळीचा तुकडा गेला, स्फोट झाला आणि वितळलेले लोखंड उसळून बाहेर आले. त्याच्या शेजारचा माणूस त्याच्याहून अधिक भाजला होता.

तो रागावून बोलला नाही. एवढेच म्हणाला, "सर, लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश सेल्सियस, हे तुम्ही पाठ करून घेतलं होतं. ते मला अजून पाठ आहे. पण पाण्याचं त्यात काय होतं, ते कोणी सांगितलं नव्हतं."

आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्या वर्षी विज्ञानाच्या शिक्षकांची जागा रिकामी होती, म्हणून धातूंचा धडा आम्हीच घेतला होता. पुस्तकातील वाक्ये फळ्यावर लिहिली, मुलांनी ती वहीत उतरविली आणि परीक्षेत गुणही मिळविले. परंतु तो पाठ अपुरा होता. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आम्ही ठरविले, की शाळेच्या गौरवाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आपण तो राहिलेला पाठ पूर्ण करावा.

दगडात लोखंड कोठे असते?

लोखंड पृथ्वीवर विपुल आहे. पण शुद्ध स्वरूपात ते जवळजवळ सापडतच नाही. ते प्राणवायूशी जखडलेले असते. हेमॅटाइट नावाचे तांबडे खनिज म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचे संयुग. शेतात विसरलेल्या विळ्यावर पावसाळ्यात जो गंज चढतो, तो याच जातकुळीचा पदार्थ होय. म्हणजे विळा गंजतो तेव्हा लोखंड आपल्या मूळ अवस्थेकडे परत निघालेले असते, आणि भट्टीत माणूस नेमका याच्या उलट प्रवास घडवून आणतो. खनिजातील प्राणवायू हिरावून घेणे, हेच लोहनिर्मितीचे सारे रहस्य आहे.

हा प्राणवायू केवळ उष्णतेने सुटत नाही. त्याला ओढून घेणारा दुसरा कोणी लागतो, आणि तो म्हणजे कोळशातील कार्बन. हवा कमी पडेल अशा रीतीने कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. हा वायू तापलेल्या खनिजातील प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि मागे लोह उरते. म्हणून भट्टीत कोळसा दोन कामे करतो. तो ताप देतो आणि प्राणवायूही काढून नेतो. आमच्या जुन्या पाठात कोळशाला आम्ही केवळ इंधन म्हटले होते. ती पहिली चूक.

नायकुंडची भट्टी

ही विद्या इंग्रजांनी आणली, असा समज आपल्याकडे अनेकांचा असतो. तो दूर करण्यासाठी विदर्भाबाहेर जाण्याचेही कारण नाही. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. तेथील शिळावर्तुळांच्या म्हणजे महापाषाणीय संस्कृतीच्या वसाहतीचे उत्खनन शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९७८ ते १९८० या काळात झाले. तेथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. त्यांत मातीच्या विटा, हवा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळी होती. हा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकाचा, म्हणजे तथागतांच्या जन्माच्याही आधीचा मानला जातो. जवळच्याच माहुरझरी येथील दफनांत लोखंडी कुऱ्हाडी आणि इतर अवजारे सापडली आहेत. वऱ्हाडच्या शेजारी, आजपासून सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी, माणसे दगडातून लोखंड काढीत होती.

अशा लहान भट्टीत लोखंड वितळत नसे. भात्याच्या वाऱ्याने ताप सुमारे १२०० अंशांपर्यंत जाई. तेवढ्यावर खनिजातील माती आणि वाळू यांची मळी वितळून खाली वाही, पण लोह घनच राही. भट्टी फोडल्यावर स्पंजासारखा सच्छिद्र, लालबुंद गोळा हाती येई. तो गरम असतानाच घणाखाली कुटला की उरलेली मळी पिळून निघे आणि घट्ट लोखंड तयार होई. पुढे निजामाबाद भागातील कोनासमुद्रम यांसारख्या गावी याहून पुढची कला विकसित झाली. मातीच्या बंद मुशीत लोह आणि कार्बनयुक्त पदार्थ दीर्घकाळ तापवून तेथे उत्तम पोलाद काढीत, आणि ते इराणी व्यापारी घेऊन जात. पश्चिम आशियातील नामांकित तलवारी अशाच दक्षिणी पोलादाच्या होत.

मग ही विद्या गेली कोठे? एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त दरात बाजारात आले, आणि जंगलांवर सरकारी निर्बंध आल्याने लोणारी कोळसा मिळेनासा झाला. ही दोन कारणे इतिहासकार सांगतात. आम्ही त्यांत तिसरे जोडतो. ज्यांच्या हातात ही विद्या होती, त्यांच्या हातात लेखणी नव्हती. भट्टीची उंची किती, भाता किती वेळ चालवावा, मळीचा रंग कसा झाला म्हणजे भट्टी फोडावी, हे बाप मुलाला दाखवीत असे. ते कोणी लिहून ठेवले नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी भट्टीकडे पाहिले नाही, कारण काजळीचे काम त्यांच्या लेखी हलके होते. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांचा खंड पडताच हजारो वर्षांचे ज्ञान विझले. जातिव्यवस्था काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. तिने या देशाचा बुद्धीचा हात आणि कष्टाचा हातही तोडला, याचा पुरावा आम्हांला या विझलेल्या भट्ट्यांत दिसतो.

चांद्याचा डोंगर आणि नागपूरचा नकाशा

आधुनिक भारतीय पोलादाची कथाही विदर्भातून जाते, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटा यांच्या वाचनात १८८२ मध्ये एका जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे, असे त्यात म्हटले होते. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा आणि लोहाऱ्याचे खनिज तपासून घेतले. तो कोळसा या कामासाठी अयोग्य ठरला. १९०४ मध्ये त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी पुन्हा चांद्याचा शोध घेतला. मोठ्या कारखान्यास पुरेल असे तेथे काही जुळेना. त्यानंतर नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एक भूशास्त्रीय नकाशा दिसला. प्रमथनाथ बोस यांनी केलेल्या पाहणीवर आधारलेल्या त्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोहाच्या खुणा होत्या. तेथेच पुढे दल्ली-राजहराचे प्रचंड साठे निघाले. १९५९ पासून भिलाईचा कारखाना त्यांवर चालला. टाटांचा कारखाना मात्र बोस यांनीच सुचविलेल्या मयूरभंजच्या खनिजावर, झरियाच्या कोळशाजवळ, साकची म्हणजे आजच्या जमशेदपूर येथे उभा राहिला. तेथे डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले.

या कथेतून एक भौगोलिक धडा मिळतो. केवळ खनिज असून भागत नाही. योग्य कोळसा, चुनखडी, पाणी आणि वाहतूक एकत्र आली तरच पोलाद होते. दुसरा धडा माणसांचा आहे. आज गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरातून खनिज काढले जात आहे. तेथील माडिया गोंड समाजाच्या श्रद्धेचा, जंगलाचा आणि ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न त्या खनिजाइतकाच खरा आहे. पोलादाचा हिशेब मांडताना तो डोंगर कोणाचा होता, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

झोतभट्टी

भिलाई किंवा जमशेदपूरसारख्या ठिकाणी जी भट्टी असते तिला झोतभट्टी म्हणतात. ती सुमारे तीस मीटर उंचीची, आतून उष्णतारोधक विटांनी मढविलेली, एखाद्या उभ्या विहिरीसारखी असते. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर आळीपाळीने टाकतात. कोक म्हणजे हवेविना भाजून त्यातील वायू काढून टाकलेला, कठीण आणि सच्छिद्र कोळसा. वरच्या प्रचंड भाराखाली चुरा न होणे हा त्याचा मुख्य गुण. वरोऱ्याचा कोळसा येथेच कमी पडला होता.

खालच्या बाजूस चोहोबाजूंनी नळ्या असतात आणि त्यांतून सुमारे १००० ते १२०० अंशांपर्यंत तापविलेली हवा जोराने आत सोडतात. नायकुंडच्या मातीच्या नळीचेच हे विराट रूप. हवा कोकला भिडते तेथे ताप २००० अंशांच्या आसपास जातो. तेथे निर्माण झालेला कार्बन मोनॉक्साइड वर चढतो आणि खनिज हळूहळू खाली उतरते. या उलटसुलट प्रवासात खनिज आपला प्राणवायू गमावते. चुनखडीचा चुना होतो, तो खनिजातील वाळूशी संयोग पावून मळी बनते. लोह जड म्हणून तळाशी आणि मळी हलकी म्हणून त्यावर तरंगते. दोन्ही ठराविक वेळाने काढून घेतात. ही मळी वाया जात नाही. ती दळून सिमेंटमध्ये घालतात.

एक टन लोखंडासाठी साधारण दीड टनाहून अधिक खनिज, सुमारे अर्धा टन कोक व कोळसा आणि दीड टनाच्या आसपास हवा लागते. हवेलाही वजन असते, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. एकदा पेटविलेली झोतभट्टी वर्षानुवर्षे अखंड चालते. तिला रात्र नसते, सण नसतो. म्हणून तेथील माणसे पाळ्यांत काम करतात.

लोखंडाचे पोलाद

झोतभट्टीतून निघालेल्या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन मुरलेला असतो. या कार्बनमुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला, साधारण ११५० अंशांपासून, वितळू लागते. म्हणजे १५३८ हा आकडा शुद्ध लोखंडाचा आहे, प्रत्येक लोखंडाचा नव्हे. ही आमच्या पाठातील दुसरी त्रुटी. असे लोखंड कठीण पण ठिसूळ असते. बिडाचा तवा हातातून पडला की वाकत नाही, तडकतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

पोलाद करायचे म्हणजे हा कार्बन घटवायचा. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून तो जाळून टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरणारा कारखाना सुरू झाला. भारतात ही पद्धत प्रथम राउरकेला येथे आली. साधारण वीस मिनिटांच्या फुंकरीत कार्बन वायुरूपाने निघून जातो. घरबांधणीच्या सळईत तो पाव टक्क्याच्या आसपास उरतो. गंमत अशी, की खनिजातून जो प्राणवायू काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच प्राणवायू आता शुद्धीकरणासाठी परत आणावा लागतो. उपयोगी काय आणि घातक काय, हे वस्तूवर नव्हे, तर प्रमाणावर आणि वेळेवर ठरते.

जालन्याची भट्टी : ज्वाळेविना अग्नी

आपल्या वाशिम जिल्ह्यातील मुलांना झोतभट्टी सहसा दिसत नाही. मेहकर, सिंदखेड राजा मार्गे जालन्याकडे गेले, की औद्योगिक वसाहतीत दिसतात त्या विजेच्या प्रवर्तन भट्ट्या, म्हणजेच इंडक्शन फर्नेस. जालन्याच्या सळया महाराष्ट्रभर जातात. आपल्या गावातील घरकुलाच्या स्लॅबमध्येही त्या असण्याचा संभव पुष्कळ आहे.

या भट्टीत कोळसा नाही, ज्वाळाही नाही. उष्णतारोधक मातीने लिंपलेल्या मोठ्या मुशीभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती वीजप्रवाह सोडला की बदलते चुंबकक्षेत्र तयार होते आणि त्यामुळे मुशीतील लोखंडातच भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात. लोखंड स्वतःच्या आतून तापते आणि वितळते. तांब्याचे वेटोळे स्वतः वितळू नये म्हणून त्या नळीतून सतत पाणी खेळवितात. कच्चा माल म्हणजे भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळविता, कोळशासह फिरत्या भट्टीत सुमारे १००० अंशांवर प्राणवायू काढून तयार केलेले लोह. नायकुंडचा सच्छिद्र गोळा अशा रीतीने नव्या नावाने परत आला आहे.

भंगार वितळविणे हे पृथ्वीच्या दृष्टीने हितकारक आहे. त्यात डोंगर फोडावा लागत नाही आणि कोकही लागत नाही. पण या भट्टीत मळी काढून शुद्धीकरण करण्याची सोय मर्यादित असते. जे आत जाईल तेच बहुतांशी बाहेर येईल. म्हणून भंगार निवडणे हे तेथील सर्वांत महत्त्वाचे काम ठरते, आणि जिवाचा प्रश्नही तेथेच असतो.

आता आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊ. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाखाली तिचे आकारमान सुमारे १६०० ते १७०० पट होते. पेलाभर पाणी म्हणजे क्षणार्धात तीन-चारशे लिटर वाफ. हे पाणी वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागाखाली गेले, तर त्या वाफेला बाहेर पडण्यास वाट नसते. ती धातूच उडवून देते. ओले भंगार, तोंड बंद असलेली नळी, सिलिंडर, वाहनाचा शॉक-अब्सॉर्बर यांपैकी काहीही भट्टीत जाणे म्हणजे बॉम्ब टाकणेच होय. मुशीचे लिंपण झिजून तडा गेला आणि धातू वेटोळ्यातील पाण्यापर्यंत पोहोचला, तरी परिणाम तोच. हे चार-पाच वाक्यांचे ज्ञान आहे. ते आम्ही दिले असते, तर त्याने ती नळी आत जाऊ दिली नसती असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण थांबण्याचे कारण तरी त्याच्यापाशी असते.

लोहाराचे पाणी

वितळलेल्या पोलादाचे लांब चौकोनी ठोकळे म्हणजे बिलेट ओततात. ते लालबुंद असतानाच रोलिंग मिलच्या रुळांतून दाबत दाबत सळई तयार होते. शेवटी तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. बाहेरचा थर एकदम थंड होऊन कठीण होतो. गाभा मात्र गरम राहतो. पुढे गाभ्याची ऊब बाहेर येते आणि त्या कठीण थराचा ठिसूळपणा घालविते. बाहेरून बळकट, आतून लवचिक अशा या सळईला टीएमटी म्हणतात.

आमच्या लहानपणी गावचा लोहार वखराची पास किंवा कुऱ्हाड पाजळून झाली की तिला पाणी देत असे. पळसफुलासारखा रंग येताच केवळ धार पाण्यात बुडवायची, लगेच काढायची आणि मागच्या भागातील ऊब धारेपर्यंत येऊ द्यायची. धारेवर रंग पिवळसर होऊन जांभळटाकडे झुकू लागला की पुन्हा बुडवायचे. सळईच्या कारखान्यात यंत्र जे करते, तेच तत्त्व तो डोळ्यांनी पाळीत होता. त्याला बलुत्याचे धान्य मिळे. अभियंता ही पदवी त्याला कोणी दिली नाही.

तथागतांचे शेवटचे भोजन पावा येथील कम्मारपुत्त चुंदाच्या घरी झाले, हे महापरिनिब्बान सुत्त सांगते. चुंद धातुकाम करणाऱ्याच्या घरचा. त्या भोजनानंतर प्रकृती बिघडली तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये, याची काळजी तथागतांनी घेतली. भट्टीपाशी राबणाऱ्याच्या घरी जेवणे आणि त्याचे मन जपणे, ही आपली परंपरा आहे.

तीच परंपरा कायद्याच्या भाषेत बाबासाहेबांनी आणली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद भागातील कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. पोलादाला लागणारा कोळसा ज्या अंधारातून येतो, तो अंधार त्यांनी पाहिला. त्यांच्याच काळात १९४४ साली प्रा. अदारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला. १९४८ चा राज्य विमा कायदा त्याचेच फळ. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला आपल्या सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क कारखाना कायद्यात स्पष्टपणे लिहिला गेला.

पालकांस व विद्यार्थ्यांस

आपल्या जिल्ह्यातून अनेक मुले दहावी-बारावीनंतर कारखान्याकडे वळतात. आम्ही त्यांना रोखणार नाही. भट्टीचे काम हलके नाही आणि अप्रतिष्ठेचे तर मुळीच नाही. मात्र जाण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. भंगार तपासणारा माणूस वेगळा नेमलेला आहे काय? भंगार पावसात उघड्यावर पडते काय? तोंडावरची ढाल, चामडी हातमोजे आणि उष्णतारोधक एप्रन मिळतो काय? राज्य विम्याचे कार्ड निघते, की ठेकेदार उद्या-परवा म्हणतो? भट्टीवर नायलॉन-टेरिकॉटचे कपडे घालू नयेत; ते वितळून कातडीला चिकटतात. आणि जेथे कार्बन मोनॉक्साइड असतो तेथे वासावर विसंबू नये, कारण त्या विषारी वायूला वास नसतो.

गेल्या वर्षी आम्ही त्या विद्यार्थ्याला नववीच्या वर्गावर बोलाविले. तो आता भंगार तपासणीचे काम पाहतो. खडू हातात घेताना तो संकोचला. मग त्याने फळ्यावर मुशीची आकृती काढली, वेटोळे दाखविले, आणि पाणी व धातू यांमधली ती चार बोटांची भिंत खडूने दोनदा गिरवली. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी अर्ध्यांची उत्तरे आम्हांला आली नसती. आम्ही मागच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होतो. हा लेख बहुतांशी त्याच वहीतून आला आहे.